आडपडदा : भयखेळातील गोपन आणि कपट

भयाचा प्रत्यय देऊ पाहणाऱ्या कोणत्याही कलाप्रकाराला काही ना काही झाकून ठेवावेच लागते. कथेत हे काम निवेदक करतो, नाटकात नेपथ्य आणि प्रकाशयोजना. टेबलाभोवती बसून खेळल्या जाणाऱ्या भूमिकाखेळात मात्र ते जाड पुठ्ठ्याच्या एका घडीच्या पडद्याकडे सोपवलेले असते. खेळ चालवणाऱ्या व्यक्तीसमोर तो उभा असतो : खेळाडूंच्या बाजूला चित्र, आतल्या बाजूला नियमांचे तक्ते, आणि त्यामागे टिपणे, नकाशे व फासे. या पडद्याआड काय लपवणे रास्त आणि काय लपवणे गैर, हा प्रश्न कथनमीमांसेला आणि नीतिविचाराला एकाच वेळी भिडणारा आहे.

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांच्या 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'पासून (१९७४) या खेळप्रकाराची छापील परंपरा सुरू झाली. तिला भयाकडे वळवले ते सँडी पीटरसन यांनी रचलेल्या आणि केऑसियम या अमेरिकी संस्थेने १९८१ मध्ये प्रकाशित केलेल्या 'कॉल ऑफ क्थुलू' या खेळाने. त्याचा आधार एच. पी. लव्हक्राफ्ट (१८९०–१९३७) यांचे कथाविश्व. १९२८ मध्ये 'वीअर्ड टेल्स' मासिकात आलेल्या त्यांच्या कथेचेच नाव खेळाने घेतले आहे. खेळाडू प्राध्यापक, वार्ताहर, ग्रंथपाल अशा सामान्य माणसांच्या भूमिका घेतात; उरलेले सगळे जग सूत्रधार उभे करतो. त्याला या खेळात 'कीपर' म्हणतात. कौशल्याच्या आकड्याइतका किंवा त्याहून कमी आकडा शतमान फाशांवर पडला, तर कृती साधते. प्रत्येक पात्राजवळ मानसिक संतुलनाचे गुण असतात आणि भयंकराच्या दर्शनाने ते घटतात. एकाच आघातात पाच किंवा अधिक गुण गेले, तर पात्राला पाहिलेल्याचा अर्थ उमगला की नाही, हे पुन्हा फाशाने ठरते. उमगला तर वेड लागते, न उमगला तर पात्र वाचते. या विश्वात अज्ञान हेच कवच आहे, आणि म्हणून झाकणे ही येथे केवळ सोय नसून आशयाचाच भाग आहे.

पडद्याआडचे पहिले झाकणे या आशयाशी सुसंगत आहे. तळघरात काय आहे, पत्र कोणी लिहिले, हे खेळाडूंना आधी कळता कामा नये. काही फासेही लपूनच टाकावे लागतात. समोरचा माणूस खोटे बोलतो आहे का, हे ताडण्याचा प्रयत्न फसल्याचे खेळाडूने उघड्या फाशावर पाहिले, तर मिळालेल्या उत्तरावर विश्वास ठेवायचा नाही हे त्याला कळते. पात्राचे अज्ञान आणि खेळाडूचे ज्ञान यांची फारकत होते. लपवलेला फासा ही फारकत टाळतो. कारण नसताना पडद्यामागे फासे खुळखुळवून धाकधूक निर्माण करणारा सूत्रधारही काही खोटे सांगत नाही. सिसेला बोक यांनी १९७८ च्या ग्रंथात असत्याला प्रकटतेची कसोटी लावली : ज्यांच्यापासून लपवायचे त्यांच्यासह सर्व विवेकी माणसांपुढे समर्थन उघडपणे मांडता येईल का? 'काही गोष्टी झाकल्या जातील', हे सूत्रधार खेळाआधी सांगू शकतो. याला गोपन म्हणावे.

दुसरे झाकणे वेगळे आहे. सोबत्यांना जिना चढून पळता यावे म्हणून एक खेळाडू आपल्या पात्राला तळघरात एकटे थांबवतो, अशी कल्पना करावी. पशूच्या हल्ल्याचे कौशल्य पंचेचाळीस. पडद्यामागे बारा पडतात. पात्राचा अंत निश्चित आहे. सूत्रधार खेळाडूच्या चेहऱ्याकडे पाहतो आणि म्हणतो, 'वार हुकला.' सगळे सुटकेचा श्वास टाकतात. खेळाडूला वाटते की त्याने मृत्यू पत्करला आणि योगायोगाने तो वाचला. वस्तुतः त्याने मृत्यू पत्करला आणि दुसऱ्या कोणीतरी तो परत घेतला. पुढे कधी हे कळले, तर त्या रात्रीचे धैर्य मागे जाऊन पोकळ होईल. कळले नाही, तर त्याच्या आनंदाला आधार असलेली गोष्ट घडलेलीच नसेल.

याचे समर्थन साहित्याच्या दृष्टान्ताने केले जाते. कादंबरीकार पात्राचे मरण शेवटच्या खर्ड्यात रद्द करतो, म्हणून त्याला कोणी लबाड म्हणत नाही. मग सूत्रधारालाच वेगळा न्याय का? गायगॅक्स यांनीही १९७९ च्या मार्गदर्शिकेत सूत्रधाराला प्रसंगी फाशाचा कौल बाजूला ठेवण्याची मुभा दिली होती. परंतु दृष्टान्त येथे तोकडा पडतो. वाचकाशी झालेल्या संकेतात निर्णय लेखकाचाच असतो. यदृच्छेची ग्वाही त्याने कधी दिलेली नसते. सूत्रधार जेव्हा फासा उचलतो, तेव्हा निर्णय आपल्या हातून काढून तिसऱ्याकडे देत असल्याचे तो कृतीने सांगतो. ते सांगून निर्णय आपल्याचकडे ठेवणे, हे कपट.

करुणेचा युक्तिवाद अधिक गंभीर आहे. टेबलाभोवती बसलेली माणसे खरी आहेत. एखाद्याला खरोखर दुखापत होत असेल, तर फाशाच्या पावित्र्याचे काय मोल? हे मान्यच करावे लागते. मात्र अशी करुणा पडद्यापुढे येऊन करता येते. खेळ थांबवता येतो, विचारता येते, 'हा फासा सोडून देऊ' असे सर्वांच्या संमतीने ठरवता येते. रॉन एडवर्ड्स यांनी २००३ मध्ये मांडलेला 'रेषा आणि पडदे' हा संकेत याच जातीचा आहे : कोणता विषय खेळात येणारच नाही आणि कोणता आला तरी दृष्टीआड घडेल, हे खेळाडू मिळून ठरवतात. उलट गुप्त करुणा खेळाडूला अज्ञान बालक ठरवते. शिवाय लव्हक्राफ्टचे विश्व मानवाविषयी उदासीन आहे. भयाचे मूळ त्या उदासीनतेत आहे. पडद्याआड एक दयाळू हात सतत जागा असेल, तर ते विश्व उदासीन उरत नाही. खेळाडू मग अज्ञाताला न भिता सूत्रधाराची मर्जी राखू लागतो.

पडदाच नको, असाही मार्ग आहे. 'ड्रेड' (२००५) या भयखेळात फासेच नाहीत. लाकडी ठोकळ्यांच्या मनोऱ्यातून खेळाडूला स्वतः ठोकळा काढावा लागतो आणि मनोरा कोसळला की पात्र खेळातून जाते. तेथे कोसळणे कोणालाही लपवता येत नाही, आणि भय तरीही उणावत नाही. एखाद्या गटाने आधीच ठरवले की सूत्रधाराने फासे बदलावेत, तर तेथे कपट राहत नाही, हे खरे. पण मग तळघरात थांबणाऱ्याने काय पणाला लावले, याचे उत्तर त्या गटाला द्यावे लागेल. ज्या गटाने असे काही ठरवलेले नाही, तेथे पडदा उभा करताना सूत्रधार एक मर्यादा स्वीकारत असतो : तो ज्ञान झाकू शकतो, पण पडलेला आकडा जसा पडला तसा सांगणे त्याच्यावर बंधनकारक आहे.