कोसाडला येण्याआधी

चि. बेटा,



भाऊ फोनवर म्हणाला, "पोरगी एक वर्ष वाया घालवतेय, तू तरी समजाव." मी काही समजावणार नाही. पदवी हातात आहे आणि सुरतच्या महापालिका शाळेत वर्षभर पोरांना शिकवायचं तुझ्या मनात आहे, तर खुशाल ये. फक्त इथे काय वाढून ठेवलंय ते आधी ऐकून घे.

कोसाड आवास ही बसवलेली वस्ती आहे. तापीकाठच्या झोपडपट्ट्या हटल्या आणि तिथली माणसं केंद्राच्या नागरी योजनेतून बांधलेल्या या घरांत आली. एच-१, एच-२ असे पत्ते. डोक्यावर पक्कं छप्पर आलं, पण कित्येकांचं काम नदीपलीकडेच राहिलं. बाप लूमच्या खात्यात बारा तासांच्या पाळीवर, आई घरात साड्यांना डायमंड चिकटवत बसलेली, आणि मोठ्या मुलीच्या कडेवर धाकटं. हजेरीपटावर तिच्या नावापुढे गैरहजरीची खूण दिसली की शाळेतून थेट तिच्या घरी जा. ती का आली नाही, ते फळ्यापुढे उभं राहून कळणार नाही.

सुरतची नगर प्राथमिक शिक्षण समिती सात माध्यमांच्या शाळा चालवते: गुजराती, मराठी, हिंदी, उर्दू, उडिया, तेलुगू, इंग्रजी. इतकी माणसं या शहराने पोटासाठी ओढून आणलीत. आपली खानदेशातली मुख्यतः लिंबायत, उधना, डिंडोलीकडे. इकडे अमरोली-कोसाडला सगळी सरमिसळ. मराठी शाळेतलं पोर घरी अहिराणी बोलतं, जिन्यात हिंदी, दुकानात गुजराती, आणि पुस्तकात त्याला भेटते पुण्याकडची मराठी, तीही गुजरातच्या पाठ्यपुस्तक मंडळाने छापलेली. अशा पोराला "तुझी भाषा अशुद्ध आहे" म्हणणाऱ्यांची इथे कमतरता नाही, त्यात तुझी भर नको. "काय करी ऱ्हायना रे?" एवढं विचारलंस तरी ते तोंड उघडेल. तुझ्या बीएस्सीपेक्षा आजीकडून आलेली ती अहिराणी इथे जास्त कामाची.

गिजुभाई बधेकांचं 'दिवास्वप्न' येताना गाडीत वाच. चौथीचा वर्ग एका वर्षासाठी साहेबाकडून मागून घेणाऱ्या मास्तरची ती गोष्ट आहे. (त्यातल्या साहेबाइतका समजूतदार अधिकारी प्रत्यक्षात क्वचितच भेटतो, हेही ध्यानात असू दे.) त्याच गिजुभाईंबरोबर भावनगरला काम केलेल्या ताराबाई मोडक पुढे १९४५ साली तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात बोर्डीला गेल्या. त्यांच्यासोबत आलेल्या अनुताई वाघ तर बोर्डी-कोसबाडच्या होऊन गेल्या, १९९२ मध्ये वारल्या तोवर. तू वर्षाचं बोलतेस. मला त्यात कमीपणा दिसत नाही, पण वर्षाचं गणित वेगळं मांडावं लागतं.

ते मांडून झालेलं आहे. 'प्रथम' या संस्थेने मुंबईत आणि बडोद्यात 'बालसखी' नेमल्या होत्या. वस्तीतल्याच मुली, दहावी-बारावीपर्यंत शिकलेल्या, दोन आठवड्यांचं प्रशिक्षण, महिना पाचशे ते साडेसातशे रुपये मानधन. तिसरी-चौथीत मागे पडलेली पंधरा-वीस पोरं वर्गातून बाहेर काढायची, दोन तास अक्षरओळख, वाचन, साधी बेरीज-वजाबाकी. २००१ पासून अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते मोजलं. पुढे २०१९ मध्ये या दोघांना नोबेल मिळालं. सगळ्यात जास्त सुधारली ती सगळ्यात मागची पोरं. पण त्याच अभ्यासात असंही दिसलं की मदत थांबल्यावर वर्षभरात त्यातला बराचसा फायदा ओसरला होता.

हा दुसरा निकाल कुणी फारसा सांगत नाही. मला तोच महत्त्वाचा वाटतो. म्हणजे तू कितीही जीव ओतलास तरी तू गेल्यावर काय, याची सोय तुला तू असतानाच करायला हवी. आवासातली एखादी दहावी झालेली, घरी बसलेली मुलगी शोध. दिवाळीच्या सुट्टीआधीच तिला तुझ्या गटात बसव, उत्तरायणानंतर गट तिच्या हाती दे आणि तू मागे बस. ती चुकेल, तुझ्यापेक्षा हळू शिकवेल, तुला उठावंसं वाटेल. उठू नकोस. तिच्यासाठी थोडं मानधन कुठून उभं करायचं, ते आपण दोघी बघू. फुकट राबवून घेणं मला पटत नाही.

आणखी एक. शाळेतल्या बेनना, म्हणजे बाईंना, आळशी समजू नकोस. निवडणुकीच्या याद्या, सर्वेक्षणं, ऑनलाइन हजेरी यांतून उरलेल्या वेळात त्या शिकवतात. तुझ्याजवळ नुसता वेळ आहे, त्यांच्याजवळ तो नाही, एवढाच फरक धर. पहिल्या आठवड्यात कुठलीही सूचना करायची नाही. विचारायचं फक्त, "कुठली पोरं मला देता?" त्या बरोबर तीच देतील जी त्यांना रात्री आठवतात.

पहिलीतल्या पोरांना हात लावू नकोस, त्यांच्यासाठी बाई पुरेशा आहेत. तिसरी ते पाचवीतली, वाक्य वाचता न येणारी, एवढीच घे. वीसच्या वर एकही नाही, कितीही गळ घातली तरी.

शाळा जूनमध्ये उघडते आणि सुरुवातीचे दिवस प्रवेशोत्सवाच्या धावपळीत जातात, म्हणून आधीच ये. जळगावहून येणारी गाडी धर, उधन्याला उतर, तिथून मी घ्यायला येईन. कोसाड स्टेशनच्या भानगडीत पडू नकोस, तिथे पॅसेंजर तेवढ्या थांबतात. मोठ्या अक्षरांची मराठी गोष्टींची पुस्तकं मिळतील तितकी आण, इथे ती सहज मिळत नाहीत. कळण्याचं पीठ मात्र आणू नकोस, ते इथे मिळतं.

तुझी,
आत्या