मनोऱ्यावरून खाली

"बाय, मेलेल्या माणसाची कोडी सोडवून तुला सुख तरी कसं वाटतं?" माझ्या मोठ्या आत्याने एका उपवासकाळात विचारलं होतं. आमच्या वसईत त्या चाळीस दिवसांत कुणी मासे-मटण सोडतं, कुणी गोड. मी रहस्यकथा सोडाव्यात असं तिचं म्हणणं. वडिलांच्या कपाटातले बाबुराव अर्नाळकरांचे झुंजार आणि धनंजय, मग भालबा केळकरांनी मराठीत आणलेला शेरलॉक होम्स, नोकरी लागल्यावर विरार लोकलमध्ये अगाथा ख्रिस्ती, डोरोथी सेयर्स, चेस्टरटन. माझं निम्मं वाचन खुनाभोवती झालेलं आहे. पुस्तकं तेवढे दिवस बाजूला ठेवणं जमलं. प्रश्न मात्र बाजूला ठेवता आला नाही, आणि तो धर्माचाच प्रश्न आहे असं मी मानते.

हा नुसता बुद्धीचा खेळ आहे, हे नेहमीचं उत्तर. त्यात तथ्य आहे आणि ते मला प्रियही आहे. १९२९ साली रोनाल्ड नॉक्स यांनी रहस्यकथेसाठी दहा नियम लिहिले. गुन्हेगार गोष्टीत लवकर दिसला पाहिजे, हेराला सापडलेला धागा वाचकापासून लपवता कामा नये, आणि दैवी किंवा अमानवी शक्तीला गोष्टीत मज्जाव. हे नॉक्स कॅथलिक धर्मगुरू होते, पुढे त्यांनी अख्ख्या बायबलचं इंग्रजी भाषांतर केलं. चमत्कारांवर श्रद्धा असलेल्या माणसाने कोड्यातून चमत्कार हद्दपार करावेत यात मला काहीच विसंगत वाटत नाही. चेस्टरटनचा हेर फादर ब्राउन हाही धर्मगुरूच. त्याची पहिली कथा १९१० ची, 'द ब्लू क्रॉस'. पाद्र्याच्या वेशात आलेला फ्लाम्बो हा चोर बोलता बोलता तर्कबुद्धीला कमी लेखतो, आणि तिथेच ब्राउनची खात्री पटते. खरा धर्मगुरू असं बोलणार नाही! श्रद्धाळू घरात वाढलेल्या मला त्या पानाने जेवढा धीर दिला तेवढा फार थोड्या प्रवचनांनी दिला असेल.

पण आत्याचं समाधान एवढ्याने होत नाही. कोड्यात प्रेत हे निमित्त असतं. गालिच्यावर कुणीतरी मरून पडलेलं आहे आणि मी चहाचा कप हातात घेऊन खिडकीची कडी तपासते आहे, घड्याळातली वेळ जुळवते आहे. कवी डब्ल्यू. एच. ऑडेन स्वतः या व्यसनात बुडालेले होते. १९४८ साली त्यांनी त्यावर निबंध लिहिला. त्यांच्या मते रहस्यकथेचा वाचक हा आतून अपराधी वाटणारा माणूस असतो. घरातल्या प्रत्येकावर संशय फिरतो, शेवटी एकावर बोट ठेवलं जातं, बाकीचे सुटतात, आणि त्यांच्याबरोबर वाचकही निर्दोष सुटतो. माझ्यापुरतं तरी हे खरं आहे. शेवटचं पान उलटल्यावर येतो तो हलकेपणा पापनिवेदन करून बाहेर पडल्यावर येतो तसाच असतो, फक्त इथे मी काहीच कबूल केलेलं नसतं. माझी किंमत दुसऱ्या कुणी भरलेली असते.

ती किंमत काय होती हे ही पुस्तकं सहसा दाखवत नाहीत. इंग्लंडमध्ये शेवटची फाशी १९६४ साली झाली. म्हणजे मी आवडीने वाचते त्या काळातल्या बहुतेक उकललेल्या खुनांच्या पुढे, छापलेल्या पानांपलीकडे, फास टांगलेला होता. सेयर्सने तो टाळला नाही. तिच्या १९३७ च्या 'बसमन्स हनीमून'मध्ये लॉर्ड पीटर विम्झीने शोधून काढलेल्या खुन्याला फाशी होते, आणि त्या सकाळी विम्झी बायकोच्या कुशीत रडतो. त्याने नेमका माणूस पकडलेला असतो, तरीही रडतो. कोडं रचण्यात ख्रिस्ती कितीही सरस असो, या शेवटासाठी मी सेयर्सला तिच्या वर ठेवते.

माझ्या प्रश्नाच्या सर्वांत जवळ जाणारी कथा मात्र चेस्टरटनचीच, 'द हॅमर ऑफ गॉड'. तिचं रहस्य फोडल्याशिवाय पुढे जाता येत नाही. ज्यांनी ती वाचलेली नाही त्यांनी आधी वाचून यावं. गावातला दुराचारी कर्नल बोहन लोहाराच्या दुकानाजवळ मरून पडलेला सापडतो. डोक्याचा चक्काचूर झालेला, आणि हत्यार म्हणजे एक इवलासा हातोडा. एवढ्याशा हातोड्याने असा घाव घालायला राक्षसी ताकद हवी. तशी ताकद असलेला लोहार तर परगावी होता. मग देवाचाच कोप, अशी कुजबुज सुरू होते. फादर ब्राउन मेलेल्याच्या भावाला, चर्चमध्ये सेवा करणाऱ्या विल्फ्रेडला, मनोऱ्यावर गाठतो. हातोडा वरून पडला होता, ताकद उंचीची होती. विल्फ्रेड सज्जन, प्रार्थनेत रमणारा. उंचावर एकट्याने प्रार्थना करायची त्याला सवय. तिथून खाली भाऊ किड्याएवढा दिसला, आणि निवाडा करणं आपल्याच हाती आहे असं त्याला वाटून गेलं.

वसईच्या किल्ल्यात सेंट जोसेफच्या पडक्या चर्चला मनोरा आहे. आत गोल, अरुंद, अंधारा जिना, एका वेळी एकच माणूस मावेल असा. भिंतीला हात लावत, पायरी चाचपत चढावं लागतं. लहानपणी वर पोचलो की खालून जाणाऱ्या माणसांना आम्ही खुशाल नावं ठेवायचो, कारण त्यांचे चेहरे दिसत नसत. रहस्यकथा वाचताना मी त्याच उंचीवर बसलेली असते. बटलर, पुतण्या, विधवा, डॉक्टर, सगळे खाली हिंडताहेत आणि माझ्या हातात हातोडा आहे. ब्राउन विल्फ्रेडशी बोलतो ते त्याच्या शेजारी उभं राहून. आपणही माणूसच आहोत, तेव्हा हे सगळे सैतान आपल्याही मनात आहेत, असं तो सांगतो. पोलिसांकडे तो जात नाही. काय करायचं ते विल्फ्रेडवर सोपवतो, आणि विल्फ्रेड आपल्या पायांनी जिना उतरून गुन्हा कबूल करतो.

१९२७ च्या संग्रहातली 'द चीफ मोर्नर ऑफ मार्न' याहून कठोर आहे. द्वंद्वात चुलतभाऊ आपल्या हातून मेला या दुःखाने एका उमरावाने स्वतःला कोंडून घेतलं आहे, असा सगळ्यांचा समज. प्रतिष्ठित मित्रांचा आग्रह असतो की झालं गेलं विसरून त्याला माणसांत आणावं, चर्चने इतकं ताणू नये. मग खरं बाहेर येतं. मरून पडल्याचं सोंग करून, कळवळून जवळ धावलेल्या भावाला त्याने गोळी घातली होती. क्षमेची भाषा त्या क्षणी बंद पडते. ब्राउन त्यांना तोंडावर सुनावतो की तुम्हाला जे मुळात पाप वाटत नाही तेवढंच तुम्ही माफ करता.

हे मला लागू पडतं का, ते मी माझ्या पद्धतीने तपासते. सगळ्यांना दिवाणखान्यात बोलावण्याच्या आधी पुस्तक मिटते आणि मागच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने एक नाव लिहिते. खुनी कोण असेल त्याचं नाव नव्हे. खुनी कोण असावा असं मला वाटतं, त्याचं. ते नाव बहुधा नोकरांना तुच्छतेने वागवणाऱ्या मालकिणीचं असतं, नाहीतर नव्या पैशाने माजलेल्या पाहुण्याचं. हसतमुख पुतण्याचं कधीच नसतं. मग उरलेली पानं मी त्या बाईवर नजर ठेवून वाचते. ती कुणाची पत्रं जपून ठेवते, कुणाला घाबरते, मुलगा आला नाही की कितीदा दाराकडे बघते. लेखकाने हे सगळं लिहून ठेवलेलं असतं, आणि मी त्यात फक्त विषाची बाटली शोधत होते.