आस्तिकाचे वय

२०२५ ची नागपंचमी २९ जुलैला होती. त्याआधी काही दिवस सांगली जिल्ह्यातल्या शिराळ्यात एक बातमी येऊन थडकली. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने २१ नाग पकडायला परवानगी दिली होती. गावाने वर्षानुवर्षे मागितले होते ते जिवंत नागाचे पूजन. परवानगीत मात्र कारण होते शिक्षणाचे. सापांविषयीचे पारंपरिक ज्ञान गावातल्या तरुण पिढीकडे जावे, तिला संवर्धनाची ओळख व्हावी, एवढ्यासाठीच हे नाग धरायचे होते. करमणूक नाही, व्यापार नाही, आणि काम झाले की नाग परत निसर्गात सोडायचा.

या परवानगीवर बरीच चर्चा झाली, पण ती बहुतेक कायद्याची होती. त्याहून जुना प्रश्न बाजूलाच राहिला. पूजेतून मुलाला प्राणी कळतो का? नागापुढे हात जोडणारे मूल आणि नागाला समजून घेणारे मूल एकच असते का?

बत्तीस शिराळ्याची परंपरा गोरक्षनाथांपर्यंत नेली जाते. नाथ भिक्षेला एका दारी आले. घरातली बाई मातीच्या नागाची पूजा करत होती, म्हणून भिक्षा वाढायला उशीर झाला. कारण कळल्यावर नाथांनी विचारले, जिवंत नाग आला तर पुजशील का? तेव्हापासून शिराळ्यात जिवंत नागाची पूजा होऊ लागली, असे गाव सांगते. पंचमीच्या आधी मंडळांची पोरे शेताशेतांतून, बांधाबांधांवरून नाग शोधत. नाग मडक्यात ठेवत, पंचमीला त्यांची पूजा होई, मिरवणूक निघे, आणि मग जिथून आणला तिथे नाग सोडला जाई. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि पुढे उच्च न्यायालयाचे आदेश आले, तशी ही प्रथा थांबली आणि पूजा प्रतिमेवर आली.

शिराळकरांची बाजू हलकी नाही. बहुतेक गावांत साप दिसला की पहिला हात काठीकडे जातो. ज्या गावात लहानपणापासून ‘नाग मारायचा नाही’ हे अंगवळणी पडलेले असते, तिथल्या मुलाने एक मोठा धडा आधीच घेतलेला असतो. बिळाच्या तोंडाशी असलेली माती पाहून आत कोण असेल याचा अंदाज बांधणारे डोळे पुस्तकातून तयार होत नाहीत. पण याच धड्याबरोबर मूल आणखी एक गोष्ट शिकते, ती कोणी शिकवत नसले तरी. देव पकडता येतो. तो मडक्यात राहतो, आपल्या सणाच्या दिवशी बाहेर येतो, आपण नाचवला की फणा काढतो. नागाचा फणा ही भीतीची आणि इशाऱ्याची खूण आहे. गर्दीतल्या मुलाला मात्र तो आशीर्वादासारखा दिसतो. मग प्राण्याची भाषा मुलाला कळली असे कसे म्हणायचे?

नागपंचमीचे खरे शिक्षण कदाचित मिरवणुकीत नव्हतेच. ते घरात होते. त्या दिवशी महाराष्ट्रातल्या असंख्य घरांत विळी-सुरी चालत नाही, तवा चढत नाही, शेतात नांगर धरत नाहीत, जमीन खणत नाहीत. दिंडे उकडतात, कारण उकडण्यात कापणे नाही, भाजणे नाही. यामागची कहाणीही हिशेबाची आहे: शेतकऱ्याच्या नांगराखाली नागाची पिल्ले मेली, नागीण सूड घ्यायला निघाली, आणि शेवटी त्या घरातल्या लेकीच्या भक्तीने शांत झाली. मुलाच्या कानावर पडते ते असे की, रोजच्या साध्या कामातही, कुणाचे वाईट चिंतले नसतानाही, आपल्या हातून जीव जातो. हे फार मोठे नैतिक वाक्य आहे. त्यासाठी नाग हातात धरावा लागत नाही. एक दिवस हात आवरावा लागतो.

सापांचा प्रश्न घेऊन महाभारत सुरू होते ही गोष्ट मुलांना सांगायची राहूनच जाते. परीक्षित राजाने ध्यानस्थ शमीक ऋषींच्या गळ्यात मेलेला साप टाकला, ऋषींच्या कोवळ्या वयाच्या मुलाने, शृंगीने, रागाच्या भरात शाप दिला, तक्षक नाग डसला, राजा गेला. शमीकांना मुलाचा हा राग आवडला नाही, हेही महाभारत नोंदवते. मग परीक्षिताचा मुलगा जनमेजय सर्पसत्र मांडतो. अपराध एका तक्षकाचा, आणि आगीत पडतात सगळे साप. वडिलांच्या मृत्यूचे दुःख खरे आहे, म्हणून हा यज्ञ वाचकाला लगेच अन्याय्य वाटत नाही. तिथेच त्याची भीषणता आहे.

महाभारताच्या याच आदिपर्वात रुरू नावाच्या तरुणाची गोष्ट येते. त्याच्या वाग्दत्त वधूला, प्रमद्वरेला साप चावला. स्वतःचे अर्धे आयुष्य देऊन त्याने तिला परत मिळवले आणि मग दिसेल तो साप मारत सुटला. एके दिवशी अरण्यात एक म्हातारा डुंडुभ त्याच्या काठीसमोर आला. डुंडुभ म्हणजे बिनविषारी साप. तो रुरूला विचारतो, मी तुझे काय केले? चावणारे साप वेगळे आहेत. नुसते सापासारखे दिसतो म्हणून मला का मारतोस?

दीड-दोन हजार वर्षांपूर्वीच्या ग्रंथात एक साप माणसाला सापांमधला फरक शिकवतो आहे. आज कुठल्याही सर्पमित्राचे शाळेतले भाषण इथूनच सुरू होते: धामण, दिवड, गवत्या, तस्कर यांना विष नाही. कवड्या मण्यारीसारखा दिसतो म्हणून फुकट मरतो. मण्यारीचे पांढरे पट्टे शेपटीकडे ठळक असतात, कवड्याचे मानेकडे ठळक आणि शेपटीकडे विरत जाणारे. (हे चित्रावरून शिकायचे. अंगणात वाकून पट्टे मोजायला जाऊ नये.) डुंडुभाची पूर्वकथाही मुलांचीच आहे. आधीच्या जन्मी नव्हे, याच आयुष्यात तो सहस्रपात नावाचा ऋषी होता; लहानपणी त्याने गवताचा साप करून मित्राला भिवविले, मित्र बेशुद्ध पडला, आणि शुद्धीवर आल्यावर त्याने शाप दिला: तू त्या गवती सापासारखाच निर्विष साप होशील. रबरी साप दाखवून बहिणीला किंचाळायला लावणारा प्रत्येक मुलगा या गोष्टीत स्वतःला ओळखेल.

तरीही अहिंसेची ही शिकवण मुलांपुढे ठेवताना एक आकडा समोर ठेवावाच लागतो. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे गेली, असा अंदाज २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासाने मांडला. म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. त्यांतली चौथ्या हिश्शाहून अधिक पंधरा वर्षांखालची मुले होती. ज्याच्या जिवाला सापाचा धोका सर्वांत अधिक, त्या शेतमजुराच्या अनवाणी मुलालाच आपण भूतदया शिकवायला निघालो आहोत. शहरातल्या मुलासाठी नाग हे चित्र आहे. त्या अनवाणी मुलासाठी मण्यार ही रात्र आहे: जमिनीवरचे अंथरूण, वीज गेलेले घर, आणि जवळजवळ न दुखणारा दंश, जो डास चावला असेल म्हणून सोडून दिला जातो.

या मुलाला दया शिकवण्याचा अधिकार कोणाला? उत्तर सोपे नाही, आणि ते टाळून लिहिलेला निसर्गशिक्षणाचा कोणताही धडा खोटा ठरतो.

पाली वाङ्मयात या प्रश्नाच्या दोन्ही बाजू भेटतात. सर्पदंशाने एक भिक्खू मेला, तेव्हा बुद्धांनी भिक्खूंना चार सर्पकुलांविषयी मैत्री बाळगायला सांगितले. दुसरा प्रसंग श्रावस्तीजवळच्या रस्त्यावरचा आहे: पुष्कळशी पोरे काठीने एका सापाला मारत होती. बुद्धांनी त्यांना सापाचे मोठेपण सांगितले नाही, तो देव आहे असेही सांगितले नाही. तुम्हाला सुख हवे असते तसे त्यालाही हवे आहे, एवढ्याच आशयाचे ते बोलले. मूल हा युक्तिवाद लगेच समजते, कारण त्यात काहीही मानायला सांगितलेले नाही. स्वतःकडे पाहिले की तो पटतो.

पण मैत्रीने विष उतरत नाही. रात्री बाहेर पडताना विजेरी, पायात चप्पल, मच्छरदाणीची कड गादीखाली खोचलेली, घराजवळ विटा-लाकडांचा ढीग नको. आणि दंश झालाच तर जखम कापायची नाही, घट्ट आवळायची नाही, मांत्रिकाकडे जायचे नाही, थेट दवाखाना गाठायचा. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांवर चालणारी एकच लस सरकारी रुग्णालयात मिळते. घोड्यांना थोडेथोडे विष टोचून, त्यांच्या रक्तातून ती तयार होते. मुंबईच्या हाफकिन संस्थेत हे काम पिढ्यान् पिढ्या चालत आले आहे. मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारने २०३० पर्यंत सर्पदंशाचे मृत्यू निम्म्यावर आणण्याची योजना जाहीर केली. साप वाचवा हे सांगणारा धडा आणि सापापासून वाचा हे सांगणारा धडा शाळेत वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या माणसांकडून शिकवले जातात, हीच मोठी चूक आहे. जो स्वतः सुरक्षित आहे त्यालाच काठी खाली ठेवता येते.

पुण्यात १९८० मध्ये नीलिमकुमार खैरे ७२ विषारी सापांबरोबर ७२ तास एका खोलीत राहिले. साप विनाकारण चावत नाही हे त्यांना लोकांच्या डोळ्यांपुढे दाखवायचे होते. पुढे १९८६ मध्ये कात्रजला सर्पोद्यान उभे राहिले आणि पुण्यातल्या कित्येक मुलांनी पहिला जिवंत नाग तिथे, काचेपलीकडून पाहिला. त्या काळी भीती मोडायला तेवढे धाडस लागले. आज धाडसाचा अर्थ बदलला आहे. फोनसमोर नागाचे चुंबन घेणारे, गळ्यात घोणस घालणारे तरुण मुलांचे नायक होतात, आणि त्यांतले काही जीव गमावतात. सापाला हात लावणे हा शिक्षणाचा कळस आहे, असा समज मिरवणुकीत होता. तो आता चित्रफितीत आला आहे. मुलांच्या कार्यक्रमात साप हाताळणे बंदच असावे. हुक आणि पिशवी घेऊन प्रशिक्षित माणूस साप नेतो, मूल लांब उभे राहून पाहते. इथे मुलाने शिकायचे ते हे अंतरच.

पाठ्यपुस्तक या सगळ्याला एक वाक्य जोडते: साप शेतकऱ्याचा मित्र आहे, कारण तो उंदीर खातो. वाक्य खरे आहे. पण एखादे मूल विचारेल, मग उंदीर न खाणाऱ्याचे काय? बागेतल्या मातीत गांडुळासारखा दिसणारा वाळा वाळवी आणि मुंग्यांची अंडी खातो. तोही उपयोगाचा आहे असे दाखवता येईल. अशी यादी करत गेलो की शेवटी असा एखादा जीव उरतोच, ज्याचा माणसाला काहीच उपयोग नाही. त्याने जगावे की नाही? देव म्हणून जगवणे आणि नोकर म्हणून जगवणे, दोन्हींत सापाला आपल्याकडून परवाना लागतो.

इथे जनमेजयाचे सर्पसत्र थांबवणाऱ्या मुलाच्या, आस्तिकाच्या, नावाकडे वळावे लागते. त्याचे वडील जरत्कारू तपासाठी निघून जाताना पत्नीने विचारले, मला मूल होणार आहे का? ते ‘अस्ति’ एवढेच म्हणाले. आहे. त्यावरून मुलाचे नाव आस्तिक. आई नागकन्या, वासुकीची बहीण, बाप मानव. आज आपण देव मानणाऱ्याला आस्तिक म्हणतो. त्या मुलाच्या नावात मात्र एका जिवाच्या असण्याला दिलेला होकार आहे. तो चांगला आहे, उपयोगी आहे, पूज्य आहे, यांपैकी काहीच अजून ठरलेले नाही.

हा मुलगा जनमेजयाच्या यज्ञमंडपात येतो. महाभारत त्याला बाळच म्हणते. वयाने लहान असून हा वृद्धासारखा बोलतो, असे राजाच सभेला सांगतो. आस्तिक राजाची निंदा करत नाही. यज्ञाची, ऋत्विजांची, राजाची स्तुती करतो, आणि वर मागायला सांगितल्यावर एकच मागतो: हे सत्र थांबव. सोने घे, रूपे घे, गाई घे, राजा पुनःपुन्हा म्हणतो. मुलगा ऐकत नाही. त्या वेळी खुद्द तक्षक, ज्याने खरोखर माणूस मारला होता तो, आगीच्या वर आकाशात लोंबकळत असतो. आस्तिक त्याला ‘थांब, थांब’ म्हणतो आणि तो अधांतरी थांबतो. वाचवलेला साप निरपराध डुंडुभ नाही, हे इथे ध्यानात घ्यायला हवे.

साप दिसला की ‘आस्तिक, आस्तिक’ म्हणायची रीत मराठी घरांत अजून कुठे कुठे आहे. ती आली त्या वरातून, जो सापांनी सुटका झाल्यावर आस्तिकाला दिला. काय हवे ते माग, असे ते त्याला म्हणाले. जे माझी ही गोष्ट आठवतील त्यांना तुमच्यापासून भय नसावे, एवढेच त्याने मागितले. त्याआधी जनमेजयाने त्याला निरोप देताना पुढच्या अश्वमेधाला सदस्य म्हणून यायचे आमंत्रण दिले होते. मुलगा बरे म्हणाला, आणि काय घडले ते आईला आणि मामाला सांगायला घरी निघाला.