फलालीन : दोष कुणाचा?

जन्मलेल्या बाळाला आपण ज्या दुपट्यात गुंडाळतो, ते बहुधा सुती फलालीनचे असते. झबली, लंगोट, थंडीतले रात्रीचे कपडे, चष्मा पुसायचा तुकडा, सगळीकडे हेच कापड. आम्हा बी.एड.वाल्यांना फलालीनचा फलकही आठवेल. पाठीला सँडपेपर लावलेली चित्रे त्यावर टाचणीशिवाय चिकटून राहत. (निदान राहावीत अशी अपेक्षा असे. निरीक्षक आले की ती नेमकी गळत.)

खरे फलालीन लोकरीचे. ते महाग, म्हणून सुताचे निघाले. बाण्याचे सूत कमी पिळाचे ठेवून कापड विणतात, मग ते बारीक तारा बसवलेल्या रुळांवरून फिरवतात. तारा सुतातले तंतू ओढून वर काढतात. त्या लवेत हवा अडकते आणि ऊब मिळते. पण लोकर सहजी पेटत नाही, कापूस पेटतो. त्यात लवेतल्या हवेमुळे जाळ कापडावरून भराभर धावतो. ज्या लवेमुळे हे कापड आपल्याला हवेसे वाटते, तीच त्याचा ऐब आहे.

विसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडमध्ये गरिबांची मुले हेच कपडे घालून उघड्या शेगडीपुढे बसत, आणि कितीतरी भाजून मेली. १९०८ च्या बालकविषयक कायद्यात तोडगा निघाला तो असा : शेगडीला जाळी नसेल आणि त्यामुळे सात वर्षांखालील मूल भाजून मेले किंवा गंभीर जखमी झाले, तर त्याला सांभाळणाऱ्यांना दंड. म्हणजे ज्या घरात मय्यत, त्याच घराला शिक्षा! जांभळा रंग शोधणाऱ्या पर्किन यांच्या चिरंजीवांनी कथिलाच्या क्षारांची प्रक्रिया शोधून सहजी न पेटणारे फलालीन बनवले. धुतले तरी त्याचा गुण जात नसे. ते बाजारात आले, पण साध्यापेक्षा महाग. १९१३ मध्ये आणखी एक कायदा झाला. न पेटणारे असे खोटे सांगून कापड विकायचे नाही, एवढेच त्याने बजावले. पेटणारे विकायला मोकळीक होती.

इथे आपल्याला थांबावे लागते. मालातला ऐब लपवून विकणे नाजायज, हे आपल्याकडे पोरसोरही सांगेल. पण ऐब जगजाहीर असेल तर? दुकानदार म्हणेल, मी काही लपवले नाही. गिऱ्हाईकाला ठाऊक होते, त्याने स्वखुशीने घेतले. आम्हाला हा ‘स्वखुशीने’ शब्द खटकतो. खिशात दोन गज साध्या कापडापुरतेच पैसे आहेत आणि मूल थंडीने कुडकुडते आहे, अशा आईला धोका ठाऊक असला तरी तिच्यापुढे दुसरा रस्ता कोणता? माहिती असणे वेगळे आणि निवड असणे वेगळे. दोषाचे माप काढताना कुणाला किती ठाऊक होते याबरोबर कुणाला किती करता येत होते, हेही पाहायला हवे. तसे पाहिले तर आईचा वाटा सर्वांत लहान ठरतो. मुलींच्या रात्रीच्या झग्यांचे कापड सहजी पेटणारे नसावे, असा नियम ब्रिटनमध्ये १९६४ साली झाला. दंडापासून इथवर यायला ५६ वर्षे लागली.

हा प्रश्न परक्यांचा म्हणून सोडता येत नाही. भिवंडी-मालेगावात आपलीच माणसे माग चालवतात. ताग्याचे पुढे काय होणार, ते कुणाच्या अंगावर जाणार, हे रात्रपाळीच्या कामगाराला कसे कळावे? त्याला जबाबदार धरणे आम्हाला तरी जमणार नाही. मालक, प्रक्रिया करणारा, ठोक व्यापारी यांचे मात्र तसे नाही. त्यांना विचारता येते, आणि विचारायला हवे. पण दुकानात आपण दुपट्यावरून हात फिरवतो, मऊपणा पाहतो, भाव करतो. हे किती चटकन पेटते, असे कुणी विचारलेले आम्ही अजून ऐकलेले नाही.