फट

वेरूळच्या दहाव्या लेण्यातला बुद्ध ओठ मिटून बसला आहे. त्यामुळे त्याचे दात कुणी पाहिलेले नाहीत. दीघनिकाय या पाली बौद्ध ग्रंथातल्या लक्खण सुत्ताला मात्र ते ठाऊक आहेत: चाळीस, एकसारखे, फट नसलेले, शुभ्र. (तुम्हाआम्हाला सगळे उगवले तरी बत्तीसच.) सुत्त म्हणतं, ही मागल्या जन्मांची कमाई. ज्यानं चहाडी टाळली, तुटलेली माणसं जोडली, त्याच्या दातांत फट राहत नाही. सचोटीनं पोट भरलं, त्याचे दात सरळ.

वेरूळहून तीसेक किलोमीटरवर, छत्रपती संभाजीनगरच्या घाटी परिसरात, शासकीय दंत महाविद्यालय आहे. दातांतली फट मिटवायला अशा ठिकाणी तारा लावतात, साधारण दीड-दोन वर्षं. मागल्या जन्माचा हिशेब कुणी मागत नाही. बरंच आहे, नाहीतर वाकड्या दातांचं प्रत्येक पोर जुना चहाडखोर ठरलं असतं!

याच शहरातल्या मुस्लिम घरात दातांना हात लावावा का, हा प्रश्न दुसऱ्या वाटेनं येतो. सौंदर्यासाठी दातांत फट पाडून घेणाऱ्या स्त्रियांचा धिक्कार बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही हदीससंग्रहांत आहे. अल्लाहनं घडवलेलं त्या बदलतात म्हणून. म्हणजे तिथे फट हीच हौस होती. दोष दुरुस्त करायला मात्र बहुतेक फकीह, म्हणजे इस्लामी कायद्याचे जाणकार, मोकळीक देतात. लढाईत नाक गमावलेल्या अरफजांना पैगंबरांनी सोन्याचं नाक लावायला सांगितल्याची हदीस त्यांच्या हाताशी असते. हौस नको, इलाज चालेल.

तेरा वर्षांच्या तोंडात ही रेघ पुसट होते. घास चावता येत नाही, तो इलाज. पण वर्गात 'फावडे' असं नाव पडलं आणि मुलगी तोंडावर हात धरून हसायला शिकली, तर? मराठीनं दात सरळ करण्याच्या शाखेला दंतव्यंगोपचार, म्हणजे व्यंगावरचा उपचार, म्हणून निकाल आधीच देऊन टाकलाय. संमतीपत्रावर सही आईवडिलांची.

आणि 'घडवलेलं' म्हणजे तरी काय? वेरूळचा कातळ एकदाच कोरला गेला. जबड्याचं हाड मात्र आयुष्यभर झिजतं आणि भरतं. तारेचा दाब याचाच फायदा घेतो: दात ज्या बाजूला ढकलला तिथलं हाड विरघळतं, मागे नवं तयार होतं, आणि महिन्याला जेमतेम एक मिलिमीटर सरकणं होतं. तारा निघाल्या की दात जुन्या जागेकडे निघतात. म्हणून त्यांना जागी धरणारा रिटेनर. तो डब्यात विसरून काही महिने हिंडलेलं पोर पुन्हा खुर्चीत बसतं, तेव्हा तोंडात पुन्हा फट दिसू लागलेली असते. देवानं दिली होती तीच की नवी, हे डॉक्टरांनाही सांगता येत नाही.