उशिरा आलेला शब्द

दुसऱ्यासाठी किती थांबावं, हा प्रश्न ऋषिमुनींना फारसा छळत नसावा; त्यांना कल्याणला गाडी बदलायची नव्हती. आम्हांला छळतो. पुण्याच्या लग्नाला निघायचं, तर उल्हासनगरचे आम्ही, अंबरनाथचे काका आणि बदलापूरच्या मावशी कल्याणच्या फलाटावर जमणार. वेळेवर निघावं, तर मावशी राहतात. मावशींसाठी थांबावं, तर अक्षता राहतात.

आमचे चिरंजीव सांगतात, की इंटरनेटवरून फोन करताना यंत्रालाही हाच पेच पडतो. आपला आवाज म्हणे सलग जातच नाही. साधारण २०-२० मिलिसेकंदांच्या पुड्या बांधून तो धाडतात. पुड्या निघतात शिस्तीत, पोचतात वऱ्हाडासारख्या. या मागंपुढं होण्याला म्हणतात 'जिटर'. म्हणून पलीकडं एक चिमुकला फलाट असतो, 'जिटर बफर'. तिथं पुड्या क्षणभर थोपवायच्या, क्रमानं लावायच्या आणि सारख्या अंतरानं कानात सोडायच्या. थांबा कमी ठेवला, तर शब्द तुटतात. जास्त ठेवला, तर दोघंही एकदम "बोला, बोला" म्हणतात आणि मग दोघंही गप्प! बोललेलं १५० मिलिसेकंदांच्या आत पोचावं, ४०० च्या पुढं जाऊ नये, असं आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाचं सांगणं आहे.

फलाटावरचा थांबा संपल्यावर आलेली पुडी यंत्र चक्क टाकून देतं आणि त्या जागी आधीच्या आवाजाची नक्कल भरतं. निर्दयपणाच हा! पण एकासाठी सगळं वऱ्हाड अडवणं हा तरी कुठला न्याय?

आता मावशींचंच बघा. वय ८५. "मला जरा सा..." म्हणून त्या थांबतात, पुढचा शब्द अजून वाटेत असतो. तेवढ्यात घरातलं कुणीतरी "साबुदाणा ना? कळलं!" म्हणून फोन ठेवतं. साबुदाणा पोचतो, हवा असतो साबण. यंत्र निदान बोलणाऱ्याचाच आवाज भरतं हो, आपण आपला भरतो!

शहाण्या बफराचं थांबण्याचं माप ठरीव नसतं. वाट बिघडली की तो जास्त थांबतो, सुधारली की कमी. आणि हा फेरफार शक्यतो बोलण्यातल्या शांततेत उरकतो, ऐकणाऱ्याला पत्ताही लागत नाही. ज्याची वाट खडतर, त्याच्यासाठी जास्त थांबावं आणि थांबल्याचा बभ्रा करू नये. एवढं मला पटलं.

तेव्हा मावशींचं वाक्य मावशीच संपवतील, असा आता आमच्या घरात कायदा आहे. चहा निवला तर निवू दे.