इंदिरानगरात घर बघण्याआधी

इंदिरानगर, नाशिक

चि. भाचीस,


तुझं पत्र मिळालं. जावईबापूंना अंबडच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी लागली, लेकराला जूनमध्ये पहिलीत घालायचं आहे आणि सासूबाईही तुमच्यासोबत येणार आहेत, हे वाचून फार आनंद झाला. कॉलेज रोड, गंगापूर रोडचे भाव ऐकून तुम्ही इंदिरानगर, राजीवनगर, पाथर्डी फाटा या बाजूला घर शोधायचं ठरवलंत, तेही योग्यच केलंत. माझा सगळा संसार याच वस्तीत झाला आणि ती मला मनापासून आवडते. म्हणूनच काही गोष्टी आडपडदा न ठेवता लिहिते.

घराचा भाव दलाल सांगतो. तिथे राहायला काय पडेल, हे मात्र आपलं आपणच काढावं लागतं. हप्ता पगारात बसला म्हणजे घर परवडलं, असं समजू नका. पाणी, घरपट्टी, जाण्यायेण्याचा वेळ, शाळा आणि कागदपत्रं हा सगळा हिशेब जमला, तरच ते परवडलं म्हणायचं.

आधी रस्त्याचं बघा. इंदिरानगर मुंबई-आग्रा महामार्गाच्या एका अंगाला, तर गोविंदनगर आणि सिडको दुसऱ्या अंगाला. २०१३ मध्ये उड्डाणपूल सुरू झाला आणि लांबची वाहनं वरून जाऊ लागली, पण आपल्यासारख्यांना महामार्ग ओलांडायला खालचे बोगदेच. संध्याकाळी साडेसहाला इंदिरानगरच्या बोगद्यापाशी जरा उभी राहून बघ. गोविंदनगरकडून उतरणारी, समांतर रस्त्यावरून वळणारी आणि इंदिरानगरातून निघालेली वाहनं एकाच तोंडाशी येतात. रिक्षा आडवी होते, स्कूलबस अडकते आणि मागच्या रांगेतली दुचाकी फूटपाथवर चढते. जावईबापूंना अंबडला पाथर्डी फाट्याकडून जाता येईल, त्यांना या कोंडीशी घेणंदेणं नाही. पण तुला कॉलेज रोडला नोकरी मिळाली किंवा मुलाचा क्लास पलीकडे लागला, तर रोज दोन वेळा याच तोंडातून जायचं आहे. रेल्वेने कुठे जायचं तर स्टेशन नाशिकरोडला. द्वारकेच्या चौकातून जायचं की वडाळा गावाकडून, यावर निघायची वेळ ठरते. महापालिकेची सिटीलिंक बस २०२१ पासून धावते. तुम्ही बघाल त्या घरापासून थांबा किती लांब आहे आणि रात्री शेवटची बस किती वाजता येते, हे थांब्यावर उभ्या असलेल्या माणसालाच विचारा.

पाण्याचं विचारताना ‘पाणी आहे ना?’ असं विचारू नका. त्याला कोणी नाही म्हणत नाही. नाशिकला गंगापूर धरणाचं पाणी येतं आणि आता मुकणे धरणाचंही, विल्होळीच्या केंद्रात शुद्ध होऊन. म्हणजे शहराकडे पाणी आहे. पण शेवटच्या गल्लीतल्या इमारतीत ते किती दाबाने चढतं, हा वेगळा प्रश्न. म्हणून असं विचारा: नळाला पाणी किती वाजता येतं आणि किती वेळ टिकतं? बोअर आहे का, असल्यास मे महिन्यात चालतो का? गेल्या उन्हाळ्यात टँकर किती मागवले? मेंटेनन्सचा हिशेब ठेवणाऱ्याकडे टँकरच्या पावत्या असतात, त्या मागून घ्या. इमारतीकडे खालून नजर टाका. प्रत्येक बाल्कनीत निळं पिंप भरून ठेवलेलं दिसलं, तर दलाल काहीही सांगो, उत्तर तुमच्यासमोर आहे.

आता कागदपत्रं. इथे घाई करू नकोस, कारण नाशिककरांनी याची मोठी किंमत मोजली आहे. २०१५ च्या सुमारास शहरात कपाटांचा प्रश्न उभा राहिला. नकाशात कपाट म्हणून दाखवलेली, चटई निर्देशांकात न धरलेली जागा कित्येक इमारतींत खोलीला जोडून घेतली होती. महापालिकेने त्यावर बोट ठेवलं आणि पूर्णत्वाचे दाखले थांबले. अरुंद, म्हणजे सहा आणि साडेसात मीटरच्या रस्त्यांवरच्या इमारतींना टीडीआर (हस्तांतरणीय विकास हक्क) घेऊन वाढीव बांधकाम नियमित करायचीही सोय नव्हती. पुढे रस्ता नऊ मीटर करून द्यायचा, दंड भरून तडजोड करायची, असे मार्ग निघाले. पण तोवर कितीतरी कुटुंबं एकीकडे कर्जाचा हप्ता आणि दुसरीकडे जुन्या घराचं भाडं भरत बसली होती. पैसे रीतसर भरलेले, भिंती उभ्या राहिलेल्या, फक्त दाखला नाही. म्हणून इमारत कितीही देखणी असो, पूर्णत्वाचा दाखला डोळ्यांनी बघा आणि मंजूर नकाशा हातात धरून खोल्या मोजा. बाल्कनी आत घेतलेली किंवा कपाट वाढवलेलं दिसलं, तर तिथेच विचारा.

अगदी छोटे प्रकल्प सोडले, तर नव्या बांधकामाला महारेराचा नोंदणी क्रमांक हवा. संकेतस्थळावर तो टाकला की ताबा द्यायची तारीख आणि मंजुऱ्या दिसतात. करारनामा नोंदवल्याशिवाय बिल्डरला किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. ताब्यानंतर ५ वर्षांत बांधकामात दोष निघाला, तर तो दुरुस्त करून देण्याची जबाबदारीही त्याचीच. भाव नेहमी चटई क्षेत्रावर काढा. सुपर बिल्टअपचा आकडा ऐकून घर मोठं वाटतं, राहायला गेल्यावर पलंग बसत नाही.

जुना फ्लॅट घेणार असाल, तर तो सोसायटीत आहे की अपार्टमेंटमध्ये, हे आधी विचारा. नाशिकमध्ये १९७० च्या अपार्टमेंट कायद्याखाली घोषणापत्र नोंदवलेल्या इमारती पुष्कळ आहेत. तिथे फ्लॅटबरोबर जमिनीतला अविभक्त हिस्सा मिळतो, पण त्यासाठी डीड ऑफ अपार्टमेंट नोंदवलेलं लागतं. नुसत्या करारनाम्यावर विकत घेतलेले, पुढचा दस्त राहून गेलेले फ्लॅट विकायला निघतात. अशा ठिकाणी वकिलाकडून ३० वर्षांचा सर्च घेतल्याशिवाय पुढे पाऊल टाकू नका.

घरपट्टीची पावतीही मागा. १ एप्रिल २०१८ पासून नव्या मिळकतींसाठी करयोग्य मूल्य वाढवलं गेलं. त्यामुळे एकाच गल्लीत, जवळपास सारख्याच आकाराच्या जुन्या आणि नव्या फ्लॅटच्या घरपट्टीत बराच फरक पडतो. नोंदणी फी १ टक्का, जास्तीत जास्त ३०,००० रुपये. मुद्रांक शुल्क त्याहून बरंच जास्त. घर केवळ स्त्रीच्या नावावर घेतलं, तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत मिळते. मावशी म्हणून सांगते, या एका कारणासाठी तरी जावईबापूंशी बोल. पैसे वाचतील आणि छप्पर तुझ्या नावावर असेल. दोन्ही गोष्टी चांगल्याच.

पण माझा खरा सल्ला असा, की आधी अकरा महिने भाड्याने राहा. त्यात एक उन्हाळा आणि एक पावसाळा निघतो, आणि वस्तीची खरी ओळख त्या दोनच ऋतूंत होते. नासर्डी नदीच्या जवळची जागा आवडली असेल, तर विकास आराखड्यात पूररेषा कुठून जाते, ते बघा. नदी उन्हाळ्यात नाल्यासारखी दिसते म्हणून फसू नका. पाथर्डीच्या बाजूला गेलात, तर महापालिकेचा खतप्रकल्प कुठे आहे आणि पावसाळ्यात वारा कुठून वाहतो, हे शेजाऱ्यांना विचारा. घर बघायला गेलात की बाथरूमखालच्या आणि गच्चीखालच्या छताकडे बघा. ताजा रंग फक्त एका कोपऱ्यात मारला असेल, तर तिथे बोट दाबून पाहा. पापुद्रा सुटला, की गळती किती जुनी आहे ते कळतं.

भाडेकरार नोंदणीकृतच करा. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यानुसार तो नोंदवणं ही घरमालकाची जबाबदारी आहे. मालक ‘साध्या स्टँपवर करू’ म्हणाला, तर नम्रपणे नाही म्हणा. यात मुलाच्या शाळेचंही हित आहे. शिक्षण हक्क कायद्यातल्या २५ टक्के राखीव जागांना तुम्ही पात्र असाल, तर घरापासून शाळेचं अंतर मोजलं जातं, एक किलोमीटरच्या आतल्यांना आधी संधी मिळते, आणि भाड्याच्या घरासाठी पुरावा म्हणून अर्जाच्या आधीचा नोंदणीकृत करार लागतो. अर्ज जूनच्या कितीतरी आधी भरले जातात. म्हणजे शाळा ठरवायची असेल, तर घर हिवाळ्यातच ठरायला हवं.

सासूबाईंना घर दाखवल्याशिवाय ठरवू नका. दिवसभर घरात तुमच्यापेक्षा त्याच जास्त राहणार आहेत. इथल्या जुन्या तीन-चार मजली इमारतींना बऱ्याचदा लिफ्ट नसते. तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट स्वस्त मिळतो, पण गुडघे दुखणाऱ्या माणसाचं खाली उतरणंच बंद होतं. भाजी, औषधाचं दुकान, देऊळ, जॉगिंग ट्रॅक त्यांच्या पायी अंतरात असेल, तर त्यांना चार मैत्रिणी मिळतील आणि तुलाही हक्काचं माणूस मिळेल.

आणखी एक. दलाल तुला सांगेल, ‘या रस्त्याच्या इकडची वस्ती चांगली, तिकडची नको.’ असं ऐकून कुणाबद्दल मत करू नकोस. वडाळ्याचं जुनं गाव, सिडकोतली कामगार कुटुंबं, धुळे-जळगावकडून नोकरीसाठी आलेली माणसं, या सगळ्यांनी मिळून हा भाग वसवला आहे. रात्री नऊला त्या रस्त्याने स्वतः चालून बघ. दिवे लागलेले आहेत का, दुकानं उघडी आहेत का, बायका-मुली निर्धास्त फिरतात का, एवढं बघितलंस की दलालाला विचारायची गरज उरत नाही.

सध्या ज्याला त्याला २०२७ च्या सिंहस्थाची घाई आहे. ‘कुंभमेळ्याआधी घ्या, नंतर भाव हाताला लागणार नाहीत,’ असं तुम्हालाही ऐकवतील. रस्त्यांची कामं होतील, वस्ती वाढेल, हे खरं. पण वीस वर्षांचं कर्ज कुणाच्या घाईवर घ्यायचं नसतं.

शनिवारी दुपारी या, सासूबाईंनाही आणा. संध्याकाळी बोगदा बघू, रात्री दोन गल्ल्या पायी फिरू, रविवारी सकाळी नळाला पाणी कधी येतं ते बघू. आवडलेल्या घराचे कागद मागून घेऊ आणि वकिलाकडे देऊ. तोवर इसाराचा एक रुपयाही कुणाच्या हातात ठेवू नका.

तुझी मावशी